पैठण एक दिवस मागं

वाळूज,
८ नोव्हेंबर १९९३

ति. मुंजाबाकाका यांस,
सप्रेम जयभीम.

टेपेच्या डब्यात आज टेपेसोबत हे भांडणाचं पत्र घालते आहे. रागावू नका. ऑगस्टात तुम्ही प्रशिक्षणाला आलात तेव्हा साऱ्या वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तुम्ही विचारले होते, म्हणून हक्कानं लिहिते.

आपलं काम पुन्हा एकदा सांगते. वाळूज, चिकलठाणा आणि पैठणच्या चौतीस कारखान्यांतली आणि आपल्या केंद्रातली मिळून बासष्ट हजार माणसं आपल्या नोंदणी केंद्राच्या मशीनमध्ये आहेत. माणसांचा एक तक्ता, गावांचा दुसरा, शिक्षणाचा तिसरा, कारखान्यांचा चौथा, आणि सगळे एकमेकांना क्रमांकानं बांधलेले. कुठं अपघात झाला तर त्या माणसाचा रक्तगट, गाव आणि घरच्यांचं नाव दोन मिनिटांत सापडतं. इथं आग लागली, पाणी शिरलं, दंगल झाली, तरी हे बुडू नये म्हणून याची हुबेहूब नक्कल तुमच्या पैठणच्या मशीनमध्ये ठेवायची. त्यासाठी दोनच टेपा आहेत, एक लाल आणि एक हिरवी. संध्याकाळी मी एकीवर सगळा साठा उतरवते, सकाळी आपला पहारेकरी कडुबा डबा सेंट्रल स्टँडवर कंडक्टरच्या हाती देतो. तुम्ही ती टेप लगेच मशीनमध्ये चढवायची आणि आदल्या दिवशीची त्याच गाडीनं परत पाठवायची.

आता भांडण. तुम्ही डब्यात रोज चिठ्ठी घालता, तिच्यावर तुमच्या मशीनमधल्या माणसांचा आकडा असतो. गेले पंधरा दिवस तो आकडा एक दिवस जुना आहे. म्हणजे टेप तुमच्याकडे रात्रभर नुसती पडून असते आणि दुसऱ्या दिवशी चढते. काका, असं चालणार नाही. टेप आली की चढली पाहिजे. तात्यासाहेबांना कळलं तर ते माझेच कान उपटतील. ते केंद्राचे प्रमुख आणि मी त्यांच्यापुढं सगळ्यात नवी.

आपली,
संघमित्रा साळवे

*

पैठण,
१० नोव्हेंबर १९९३

चि. संघमित्राबाई यांस,
मुंजाबाचा रामराम.

पत्र पावलं. चूक झाली. आजपासून टेप आली की चढली असं समजा. आकडा चिठ्ठीवर लिहून धाडतो, पाहून घ्या.

एक खबर आहे. आकड्यावर तुमचा लई भरवसा दिसतो. माझा नाय. माझा बाप मेंढरं मोजायचा नाय, वळखायचा. शंभर गेली आणि शंभर आली, पण त्यात दुसऱ्याची दोन आली आणि आपली दोन गेली, तर मोजणाऱ्याला काय कळणार? म्हणून मी मशीनमध्ये रोज वीस माणसं नावानं बोलावतो. बिडकीनची सरूबाई, वैजापूरचा सांडू, हर्सूलचा फकिरा, अशी. सगळी माझ्या वळखीची. त्यांचं गाव, कारखाना, घरचं माणूस बरोबर निघालं की मग चहा.

काल आकडा तंतोतंत जुळला, पण सांडूला गावच नव्हतं. मग पाहिलं तर वैजापूर तालुक्यातल्या कुणालाच गाव नव्हतं. माणसं आली, गावं मागं राहिली. तुमच्या मशीनमध्ये गावं आहेत का ते पाहा. मी म्हातारा माणूस, शिकलो मॅट्रिकपर्यंत. माझी काही चूक असेल तर सांगा.

आपला,
मुंजाबा

*

वाळूज,
२२ नोव्हेंबर १९९३

ति. मुंजाबाकाका,
सप्रेम जयभीम.

भांडायला गेले आणि शिकून आले, असं झालं. वैजापूरची गावं माझ्याकडं होती, टेपवर नव्हती. टेप लिहिणाऱ्या यंत्राचं तोंड धुळीनं भरलं होतं. माणसांचा तक्ता नीट उतरत होता आणि गावांच्या तक्त्यात अर्ध्यावर अडखळत होता. घोडं कुठं पेंड खात होतं ते शोधायला मला दोन दिवस लागले आणि तुम्हाला ते चहाच्या आधी कळलं.

मी संगणकात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे, काका. तिथं मला हे शिकवलं होतं की उतरवलेली नक्कल उघडून पाहिल्याशिवाय ती नक्कल नव्हेच. परीक्षेत मी ते लिहून गुणही मिळवले. पण रोज सकाळी उठून वीस माणसांना नावानं हाक मारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. खरं सांगते, मला तुमचा अभिमान वाटतो. तात्यासाहेबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, आता वीस माणसं तुम्हीही निवडा." मी निवडली आहेत. पहिलं नाव माझ्या वडिलांचं, कचरू साळवे, चिकलठाण्याच्या कारखान्यात मदतनीस, शिक्षण चौथी.

आकडा आता रोज ताजा येतो, त्याबद्दल आभार.

आपली,
संघमित्रा

*

पैठण,
१७ जानेवारी १९९४

चि. संघमित्राबाई,
रामराम.

शनिवार-रविवार गाड्या बंद होत्या आणि इथला फोन गुरुवारपासून मेला आहे, म्हणून आज पहिल्या गाडीनं लिहितो. शुक्रवारी संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर ऐकलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. आमच्या मंडळीनं, मनकर्णाबाईनं, तिळगूळ केला होता, त्यातला डब्यात घातला आहे. तुमच्या वडिलांना द्या. ते या नावासाठी हर्सूलच्या तुरुंगात अठरा दिवस होते हे मला कडुबाकडून कळलं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

एक गोष्ट लिहितो. लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली याच नावावरून आमच्या गावात तुमच्या वस्तीवर लोक चालून गेले तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. मी हात उचलला नाय, पण आडवाही झालो नाय. दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन रानात निघून गेलो. तिथल्या दोन घरांतली माणसं परत आलीच नाहीत. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

हे तुम्हाला सांगून माझं काही हलकं होत नाय. पण तिळगूळ पाठवायचा आणि हे लपवायचं, ते बरं दिसलं नसतं.

आपला,
मुंजाबा

*

वाळूज,
१९ जानेवारी १९९४, सकाळ

ति. मुंजाबाकाका,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर पत्रात मावणार नाही, भेटू तेव्हा बोलू. तिळगूळ अण्णांना दिला. त्यांनी तो कुणी पाठवला ते विचारलं, मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "नावं पाठ हायेत म्हणतो ना? मग तो माणूस इसरलेला नाय." आणि तिळगूळ खाल्ला.

आता कालची गोष्ट. आपल्या शिक्षणाच्या तक्त्यात 'शिकलेलं ठिकाण' असा एक रकाना आहे, इयत्ताही आपण त्यातच लिहितो. ज्यांच्यापुढं 'मराठवाडा विद्यापीठ' लिहिलं आहे तिथं आता 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' करायचं, असं ठरलं. चौतीस कारखान्यांपैकी एकाचे साहेब बैठकीत म्हणाले, "नाव बदललं की असे घोळ निस्तरत बसा." तात्यासाहेबांनी त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, हा हुकूम तुमच्याच हातून जाऊ द्या. वडिलांनाही बोलवा."

अण्णा पांढरा सदरा घालून आले. माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. पडद्यावर देवनागरीत एकेक अक्षर उमटत होतं आणि ते ओठांनी वाचत होते. हुकूम लिहून झाला तेव्हा मी पडद्याकडं नाही, त्यांच्याकडं पाहत होते. ते म्हणाले, "दाब." मी कळ दाबली. एवढंच. एका ओळीचं काम. पण काका, मला वाटलं, सोळा वर्षांची ती ओळ होती.

संध्याकाळी लाल टेपवर सगळं उतरवलं, तीच या डब्यात आहे. हिरवी आज तुमच्याकडून परत आली की तिच्यावरही हाच दिवस उतरवणार आहे. असा दिवस दोनदा लिहून ठेवावा असं वाटतं आहे.

आपली,
संघमित्रा

*

वाळूज,
१९ जानेवारी, दुपारचे तीन

काका,

फोन लागत नाही म्हणून साडेतीनच्या गाडीनं हे पाठवते. कंडक्टरला हात जोडले आहेत.

माझ्या हातून सत्यानाश झाला आहे. एका कारखान्यानं आयटीआयमधून शिकलेल्या टर्नरांची फेरिस्त मागितली. मशीननं एकही नाव दिलं नाही. मी म्हटलं, असं कसं? मग माझी वीस माणसं बोलावली. वीसच्या वीस विद्यापीठात शिकलेली निघाली. ज्यानं शाळेचं दार पाहिलं नाही तो आपला कडुबासुद्धा. बासष्ट हजार माणसांच्या पुढं एकच नाव.

हुकुमात एक अट लिहायची असते. 'जिथं जुनं विद्यापीठ लिहिलं आहे तिथंच बदल कर.' ती अट लिहायचीच राहिली. मी पडद्याकडं पाहत नव्हते, अण्णांकडं पाहत होते. आणि आज सकाळी वीस माणसं बोलावायच्या आधीच मी डबा पाठवून दिला. तुमच्याकडून शिकले आणि पहिल्याच आनंदात विसरले.

लाल टेपवर हीच चूक आहे. हिरवी एक वाजता परत आली, तिच्यावर सोमवारचा चांगला साठा होता. त्याच्यावरही मी दीड वाजता हौसेनं हीच चूक उतरवली. राहिलं तुमचं मशीन. तुम्ही माझ्या सांगण्याप्रमाणं लाल टेप आली तशी चढवली असेल. मीच तर भांडून तो नियम पाळायला लावला. आपण नक्कल इतकी चोख करतो की चूकही चोख पोचते.

म्हणजे कोण आयटीआय झाला, कोण दहावी झाला, कोण शाळेत गेलाच नाही, हे सगळं गेलं. पुन्हा गावोगाव फिरून विचारावं लागेल. नोकरी जाईल, तिचं मला फार नाही. पण बैठकीतले ते साहेब काय म्हणतील ते आत्ताच ऐकू येतं आहे. बघा, नाव बदललं आणि बासष्ट हजार माणसांचं शिक्षण बुडालं. चूक माझी, आणि डाग मात्र त्या नावावर पडणार. उद्या अकराला तात्यासाहेबांना सांगावंच लागेल. अण्णांना काय सांगू? ते काल रात्री गल्लीभर सांगत होते की माझ्या पोरीनं नाव लिहिलं.

तरी एकदा तुमचं मशीन पाहा. काही उरलं असेल तर लिहा. कडुबा शेवटच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसून राहणार आहे.

संघमित्रा

*

पैठण,
१९ जानेवारी, सायंकाळ

चि. संघमित्रा,

आधी डोळे पूस. सगळं आहे. सांडू आयटीआय आहे, सरूबाई सातवी आहे, फकिरा दहावी नापास आहे, कडुबा शाळेत गेलेला नाय. वीसच्या वीस बोलावून पाहिली आणि मगच हे लिहायला बसलो. माझ्या मशीनमध्ये सोमवार संध्याकाळपर्यंतचा तुझा सगळा साठा जसाच्या तसा आहे.

आता माझी लबाडी ऐक. आजवर तुला अहो-जाहो केलं, आज पोरीसारखं लिहितो, कारण कबुली द्यायची आहे.

नोव्हेंबरात तुला लिहिलं की टेप आली की चढवतो. ते खोटं होतं. मी एक दिवसही तसं केलं नाय. टेप आली की मी तिला एक दिवस पेटीत बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी गाडी यायच्या आत चढवतो. तुला कळू नये म्हणून चिठ्ठीवर मशीनमधला आकडा न लिहिता टेपवरची यादी वाचून तिथला ताजा आकडा लिहीत गेलो. हिशेबाला बरोबर, पण मनाला खोटा. आज तुझी लाल टेप पेटीतच आहे, चढलेली नाय. सकाळी हिरवीच चढवली आणि गाडीत दिली.

का केलं ते सांगतो. आमच्यात बाजारातून नवं मेंढरू आणलं की ते त्याच दिवशी कळपात सोडत नाहीत. आठ दिवस वेगळं बांधतात. दिसायला धडधाकट असतं, पण पोटात काय घेऊन आलं ते कुणाला ठावं? मी बारा वर्षांचा असताना बाप घरी नव्हता. मी हौसेनं नवा पांढराशुभ्र एडका त्याच दिवशी कळपात सोडला. महिन्याभरात आमची चाळीस मेंढरं गेली. बापानं मारलं नाय, नुसतं पाहिलं. दुधानं तोंड पोळलं, तेव्हापासून ताकही फुंकून पितो. मशीनला मी आठाचा एकच दिवस केला, कारण आठ म्हटलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस.

तुला हे नोव्हेंबरातच का नाय लिहिलं? तू शिकलेली, आणि मी मेंढक्याचा पोरगा. मेंढरांची गोष्ट मशीनला लावली तर बाई हसतील, असं वाटलं. म्हणून 'व्हय' म्हणून मोकळा झालो. त्यात माझी चूक आहे, ती तू लिहून ठेव.

आता कामाचं. तुझं मशीन बंद ठेव, कुणाला हात लावू देऊ नको. इथला चांगला साठा मी लाल टेपवर उतरवतो आणि वीस माणसं पुन्हा बोलावतो. ही टेप कंडक्टरच्या हाती देणार नाय. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी स्वतः घेऊन येतो. पत्र आजच धाडतो, म्हणजे तुला झोप लागेल.

आणि वडिलांना खरं सांग. जो माणूस अठरा दिवस तुरुंगात बसला तो एका चुकीनं मोडत नाय.

तुझा,
मुंजाबाकाका

*

वाळूज,
२२ जानेवारी १९९४

ति. मुंजाबाकाका,
सप्रेम जयभीम.

गुरुवारी तुम्ही आलात, टेप छातीशी धरून, पाणीसुद्धा न पिता मशीनपुढं बसलात आणि साठा चढेपर्यंत हलला नाहीत. दुपारच्या गाडीनं परतही गेलात. बोलायचं राहूनच गेलं; तुमच्या गावाचं समोरासमोरच बोलू, बाकीचं लिहिते.

मंगळवारी आणि बुधवारी मिळून भरलेल्या चव्वेचाळीस नव्या नोंदी तेवढ्या गेल्या होत्या. त्यांचे कागद होते, त्या काल पुन्हा भरल्या. बाकी बासष्ट हजार माणसं आपापल्या शाळेत परत गेली.

तात्यासाहेबांना मी सगळं सांगितलं, तुमच्या पेटीसकट. तुमचं नाव सांगताना भीती वाटली, कारण नियम तुम्ही मोडला होता. ते म्हणाले, "मुंजाबानं नियम मोडला नाही, आपण नियम अर्धाच लिहिला होता." आता लेखी हुकूम निघाला आहे की पैठणचं मशीन कायम एक दिवस मागं ठेवायचं, आणि दोनाच्या जागी सहा टेपा घ्यायच्या. चुकांच्या रजिस्टरात काय लिहायचं ते मी विचारलं. ते म्हणाले, "अट लिहायची राहिली, असं लिहा. कुणाचं नाव लिहिताना राहिली त्याचा संबंध काय?" बैठकीतल्या त्या साहेबांना त्यांनी तेच ऐकवलं. साहेबांनी मान हलवली आणि चहा मागवला.

काका, तुम्ही बाई हसतील म्हणून घाबरलात, हे वाचून मला लाज वाटली. मी ज्या पुस्तकांतून शिकले त्यात दोन मशीनं क्षणाक्षणाला सारखी कशी ठेवायची ते पानंच्या पानं लिहिलं आहे. त्यांतलं एक मशीन मुद्दाम मागं ठेवायची अक्कल मला कुठल्या पुस्तकात भेटली नाही, ती तुमच्या पेटीत होती. तुमच्याइतका हुशार माणूस या केंद्रात दुसरा नाही, आणि हे मी सगळ्यांसमोर बोलले आहे.

अण्णांना शुक्रवारी सांगितलं. काहीच लपवलं नाही. एक गोष्ट तुम्हालाही सांगितली नव्हती, ती त्यांना सांगितली. चूक कळली तेव्हा मी वीस माणसं बोलावली, त्यात पहिले ते होते. पडद्यावर आलं, कचरू साळवे, मदतनीस, शिकलेलं ठिकाण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. सगळं बुडालं हे कळत असूनही मी ती ओळ पाहत बसले होते. गुरुवारी तुमची टेप चढताना बाकी साऱ्यांची चूक पुसली जावी असं वाटत होतं, फक्त तेवढी एक राहावी असं वाटत होतं.

अण्णा हसले. म्हणाले, "म्हंजी दोन दिस म्या विद्यापीठात व्हतो म्हण की." मग गंभीर झाले. "खोडलंस ते बरं केलंस. आम्ही नावासाठी तुरुंगात गेलो, खोट्या नोंदीसाठी नाय."

आज ते पुन्हा केंद्रात आले होते. मी हुकूम नव्यानं लिहिला, अटीसकट, आणि या खेपेला पडद्याकडंच पाहिलं. कळ दाबायच्या आधी दोनदा वाचला. मशीननं उत्तर दिलं, चार हजार दोनशे बारा ओळी बदलल्या. अण्णा म्हणाले, "त्यातली तुझी कोणती?" मी माझी ओळ काढून दाखवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पडद्याजवळ गेले आणि बोट लावून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव, शिक्षण, आणि मग विद्यापीठाचं सगळं नाव. वाचून झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "अजून एकदा वाचू का?"

मी म्हटलं, वाचा.

तुमची,
संघमित्रा